गार्डमावशी

गार्डमावशींना मी कधीही कुणाच्या पुढे चालताना पाहिलं नाही. चर्चमध्ये त्या शेवटच्या बाकावर, दाराजवळच्या टोकाला बसायच्या. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत त्यांच्यामागे कुणी नसायचं. कुणी उशिरा उठून मागे येऊन उभं राहिलंच, तर त्या गुपचूप बाजूला होऊन त्याला पुढे घ्यायच्या आणि पुन्हा टोकाला जाऊन उभ्या राहायच्या. एकदा त्या मला रेशनच्या दुकानासमोर रांगेत दिसल्या. तिथेही शेवटीच. मी हसले, तर म्हणाल्या, "हितं मी मुद्दाम नाय गं उभी. हितं मला कुणी पुढं सोडंनात."

आमच्या मनमाडच्या चर्चमधून दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळयेशूच्या यात्रेला पायी जायची पद्धत आहे. साडेतीन दिवसांची वाट. पहिला मुक्काम लासलगाव, दुसरा निफाड, तिसरा एकलहऱ्याच्या अलीकडच्या एका शाळेत, आणि चौथ्या दिवशी सकाळी यात्रेच्या फाटकात. सगळ्यांच्या पुढे लाकडी क्रूस, त्यामागे जपमाळ म्हणत चालणारी नव्वद-शंभर माणसं, सामानाचा एक टेम्पो, आणि सगळ्यांच्या मागे या मावशी. हातात बांबूची काठी आणि काठीला बांधलेला हिरवा रुमाल. रेल्वेच्या गावात अशा बाईला दुसरं काय नाव पडणार? गाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो, म्हणून या गार्डमावशी. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर नावं लिहिण्याचंच काम करत होते.

त्यांचे यजमान रेल्वेत चावीवाले होते. रुळांना आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या निसटल्या आहेत का, हे बघत हातोडी घेऊन रोज ठरलेल्या टप्प्यात चालायचं, हे त्यांचं काम. मी यात्रेत पहिल्यांदा गेले तेव्हा ते वारून बरीच वर्षं झाली होती, पण मावशींच्या बोलण्यात ते रोज कामावर जात. "आमचे हे म्हणायचे, पुढं बघायला डायवर हाय. आपण खाली बघायचं." मावशी वाटेवर तशाच चालायच्या. मान खाली, नजर रस्त्यावर. आणि त्यांचं दुसरं वाक्य, जे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ होतं: "शेवटचा डबा दिसल्याबिगर गाडी आली म्हणायचं नाय." स्टेशनात गाडी शिरली तरी शेवटच्या डब्यामागची मोठी फुली डोळ्यांनी दिसेपर्यंत स्टेशनमास्तर गाडी पूर्ण आली असं मानत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं. वर म्हणाल्या, "ती फुली म्हंजे काय गं? क्रूसच की. जरा कलंडलेला."

खाली बघून चालण्याचा फायदा असा, की शंभर माणसांच्या हातून जे काही पडायचं ते सगळं मावशींच्या पिशवीत जमा व्हायचं. केसांचे चाप, चष्म्याचं घर, एक पायातला मोजा, औषधाची पट्टी, जपमाळेचे सुटे मणी. मुक्कामाला पोचलं की त्या पिशवी उलटी करून जमिनीवर मांडायच्या आणि ओरडायच्या, "या, आपापलं पाप उचला!" एकदा फादरांचं घड्याळ निघालं. फादर खाली वाकून ते उचलत असताना मावशी म्हणाल्या, "मोठं पाप हाय फादर, सांभाळून." सगळी शाळा हसली. फादर सर्वांत मोठ्यांदा.

मागे राहणाऱ्या माणसाला आपण मागे राहिलो असं वाटू न देण्याची त्यांची एक रीत होती. कुणी लंगडायला लागलं की त्याला काही विचारायच्या नाहीत. स्वतःच कंबर धरून मटकन बसायच्या. "मीच दमले बाई. बस की जरा माझ्यापाशी, मला एकटीला बरं नाय दिसत." ते माणूस उपकार केल्यासारखं त्यांच्याजवळ बसायचं, पाणी प्यायचं, आणि उठताना मावशींनाच हात द्यायचं. पहिल्या वर्षी मी लासलगावच्या अलीकडे असंच त्यांना हात देऊन उठवलं होतं. माझ्या टाचेला मोठा फोड आला होता आणि तो त्यांनी केव्हाच पाहिला होता, हे मला दोन वर्षांनी कळलं.

लासलगावात शिरताना रस्त्याच्या कडेला कांद्याच्या ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग असते. लिलावाची वाट बघत बसलेली माणसं कंटाळलेली असतात, त्यांना आम्ही म्हणजे करमणूक. एका वर्षी एक जण ट्रॅक्टरवरून ओरडला, "ओ आजी, मागं राहिल्या की! बसा ट्रॉलीत, कांद्याबरोबर तुम्हालाबी लिलावात काढतो!" मावशींनी काठी टेकली आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मला कोण घेतंय बाबा? जुना माल, कोंब आलेला." रांगेतल्या पाच-सहा ट्रॅक्टरांवर हशा पिकला. तोच माणूस मग खाली उतरून मावशींना चहा घेऊन आला. त्यांनी तो घेतला आणि आधी, थकून शेजारी बसलेल्या आमच्यातल्या एस्तेरच्या हातात दिला.

यात्रेच्या फाटकाशी पोचल्यावर मात्र त्यांची खरी रीत दिसायची. गर्दीत सगळ्यांना आत शिरायची घाई. मावशी फाटकाच्या डाव्या खांबाशी बाजूला उभ्या राहायच्या, हिरवा रुमाल वर धरून. आमचा एकेक माणूस समोरून आत जायचा आणि त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या. मला वाटायचं मोजतात. एकदा जवळ जाऊन ऐकलं. मोजत नव्हत्या. "पोचली. पोचला. पोचली," एवढंच म्हणत होत्या. शेवटचं माणूस आत गेलं की वाकून उंबऱ्याला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, क्रूसाची खूण करायची आणि मग स्वतः आत. एकदा मी म्हटलं, "मावशी, इतकी वर्षं येता, एकदा तरी पहिल्यांदा आत जा. मूर्ती जवळून बघायला मिळेल." त्या म्हणाल्या, "फादर दरसाल सांगतात, जीवन ही यात्रा हाय. हाय तर हाय. मग मागं कोण राहिलंय ते बी कुणी बघावं का नाय?"

यात्रेची व्यवस्था माझ्याकडे आली ती मी नीटनेटकी आहे म्हणून. मी शाळेच्या कार्यालयात काम करते आणि यादीशिवाय भाजीलाही जात नाही. तोवर सगळा कारभार तोंडी होता. मी दहा-दहा जणांचे गट केले, प्रत्येक गटाला प्रमुख नेमला, नावं, वय, घरचा फोन, चालू औषधं असे रकाने आखले, व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला. मुक्कामाला पोचलं की गटप्रमुखाने येऊन आकडा सांगायचा आणि मी खूण करायची. पूर्वी मावशी शेवटी येऊन काठी आपटून "गाडी पूर्ण" म्हणायच्या तेव्हा चूल पेटायची. आता माझ्या खुणा पूर्ण झाल्या की चूल पेटू लागली. स्वयंपाक तासभर लवकर होऊ लागला. सगळे खूष होते आणि मीही.

पहिली यादी करताना मी मावशींना विचारलं होतं, "तुम्हाला कुठल्या गटात घालू?"

"मला कशाला गट? मी सगळ्यांच्या मागं."

"तरी पण, नाव कुठेतरी पाहिजे ना."

"मार्था," त्या म्हणाल्या, "तुझं नाव बरोबर ठेवलं गं तुझ्या बापानं." शुभवर्तमानातली मार्था येशू घरी आला तरी कामातच गुंतून राहते, तो टोमणा होता. मी हसले आणि पुढच्या नावाकडे वळले. नंतर दरवर्षी जुनी यादी समोर ठेवून नवी करत गेले. मावशींचं नाव जुन्या यादीत नव्हतं म्हणून नवीतही आलं नाही. मला वाटायचं, शेवटचा माणूस आला म्हणजे त्याच्यामागे मावशी असणारच. त्यांना वेगळं काय मोजायचं?

तो तिसरा दिवस होता. निफाड मागे पडलं होतं, दुतर्फा द्राक्षाच्या बागा, काढणी चालू. दूरवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या की आमच्यात एक हुरूप येतो, पाय आपोआप उचलतात. त्या वर्षी एस्तेर मुलाच्या नवसासाठी अनवाणी चालत होती. दुपारी तिच्या लक्षात आलं की आईची जपमाळ कुठेतरी पडली. ती रस्त्यातच बसून रडायला लागली. मावशींनी टेम्पो थांबवला, एस्तेरला आणि आणखी दोघांना वर चढवलं. टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "तू हो पुढं. मी माळ बघून येते हळूहळू." आणि वळून, मान खाली घालून, आल्या वाटेने परत निघाल्या. मोबाइल त्या ठेवत नसत. "मला गाठायचं तर मागं बघायचं," असं म्हणायच्या.

शाळेच्या मैदानात गटप्रमुख एकेक करून आले. दहा, दहा, सात आणि तीन टेम्पोत, दहा, असे एकामागून एक सगळे गट. मी शेवटची खूण केली, वही मिटली आणि फादरांना सांगितलं, "सगळे आले. मिस्साची प्रार्थना सुरू करू या." टेम्पोवाला भांडी उतरवत होता. एस्तेर पाय वर करून आडवी झाली होती, तिला वाटलं मावशी केव्हाच आल्या असतील. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. सगळ्यांचं थोडं थोडं राहिलं होतं, आणि ते सगळं मिळून माझ्या वहीत होतं.

ख्रिस्तप्रसादाची रांग पुढे सरकत गेली. शेवटचा माणूस प्रसाद घेऊन बाजूला झाला, आणि फादर तसेच उभे राहिले. हातात प्रसाद धरून, समोर बघत. सवयीने ते आणखी एका माणसाची वाट बघत होते. समोर मोकळी जमीन होती. फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेम्पोवाल्याला हाक मारत धावले.

आम्ही टेम्पो घेऊन परत गेलो. सूर्य बागांच्या मागे उतरत होता. मुक्कामापासून पाच-सहा किलोमीटरवर, ओढ्यावरच्या एका मोरीजवळ, रस्त्याच्या कडेला द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटला टेकून मावशी बसल्या होत्या. अंगावर कुणाचं तरी जाकीट. ट्रक आला म्हणून बाजूला सरताना त्या चारीत पडल्या होत्या आणि डावा पाय हलत नव्हता. बागेतल्या बाया त्यांच्याजवळ बसून होत्या. बागेचा मालक मला जरा रागानेच म्हणाला, "दोन तास झाले, ताई. मी म्हटलं आजी, गाडीवर नाशिकरोडला दवाखान्यात सोडतो. तर नाही म्हणल्या. आमच्या पोरीकडं यादी असते म्हणे. माझं नाव दिसलं नाय की ती लगेच माघारी येईल."

मी मावशींजवळ बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मूठ उघडली. हातात एस्तेरची माळ होती.

"सगळे पोचले का गं?"

"पोचले, मावशी."

"मग झालं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. नाशिकरोडच्या दवाखान्यात त्यांना दाखल केलं. आमची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात शिरली तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर होते. मावशींनी विचारलं, "शेवटी कोण होतं?" त्या वर्षी शेवटी कोण होतं हे अजूनही कुणाला माहीत नाही.

मनमाडला त्यांची पुतणी लता त्यांना सांभाळत होती. मला जे जमतं ते सगळं मी केलं. औषधांच्या वेळांचा तक्ता करून भिंतीला लावला. वॉकर आणला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या वेळा ठरवल्या. दर रविवारी मिस्सानंतर डब्यात सूप घेऊन जायची, आणि फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी प्रसाद घेऊन यायचे, त्यांना आठवण करून द्यायची. मावशी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "मार्थाची यादी होती म्हणून सापडले." ते ऐकलं की मी तक्त्याजवळ जाऊन काहीतरी नीट करत राहायची.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात मी पापांच्या कबुलीला गेले. यादीत त्यांचं नाव नव्हतं, कधीच नव्हतं, हे फादरांना सांगितलं. फादर जाळीपलीकडून म्हणाले, "देवाला सांगितलंत, चांगलं केलंत. आता त्यांना सांगा." एवढंच प्रायश्चित्त. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत लिहिलं: मावशी, सांगणे. वर गॅस नोंदवणे होतं, खाली विजेचं बिल. संध्याकाळी वरच्या आणि खालच्या ओळीवर रेघ मारली. मधली ओळ दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवली. मग तिसऱ्या दिवशीच्या. मी आयुष्यात इतकी वेळा एकच ओळ कधी उतरवलेली नाही. प्रायश्चित्तकाळ गेला, पुनरुत्थानाचा सण गेला, पावसाळा गेला, ऑक्टोबर आला. मावशींनी वॉकर सोडून खाट धरली होती. हाड जुळलं होतं, पण त्यांच्यातलं चालणं संपलं होतं.

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. एका दुपारी लता बाजारात गेली होती. आम्ही दोघींनी मिळून माळ म्हटली. माळेचं पाचवं, शेवटचं रहस्य संपलं आणि मी एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, "मावशी, यादीत तुमचं नाव नव्हतं. कधीच नव्हतं. खुणा पूर्ण झाल्या होत्या. मी सगळे आले म्हणून सांगितलं आणि मिस्साला उभी राहिले."

मावशी छताकडे बघत होत्या. "ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासनं. तू वही उघडी टाकून हिंडतीस. लताकडनं वाचून घेतली होती एकदा. मला बरंच वाटलं. गार्डाला कोण डब्यांत मोजतं?"

"मग त्या बागेतल्या माणसांना तुम्ही..."

"त्यांना काय सांगू?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "देवाची माणसं देवाला निघाली आणि मला इसरली म्हणून सांगू? चर्चची अब्रू हाय का नाय?"

मी रडायला लागले. मला वाटलं आता त्या म्हणतील, जाऊ दे, सोड. त्या तसं म्हणाल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "पण वाट बघितली गं मी, मार्था. लय बघितली. दरवेळी टेम्पोचा आवाज आला की वाटायचं, हा आपलाच. इतकी वर्षं मागनं चालले, मागं राहणं काय असतं ते मला त्या दिशी कळलं."

मी त्यांचा हात धरून बसले. बाहेर मालगाडी जात होती, खूप लांबलचक. ती पूर्ण जाईपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "येत्या सालची यादी केलीस का?"

"अजून वेळ आहे, मावशी."

"काढ वही. माझं नाव घाल."

मी पर्समधून वही काढली, नवं पान उघडलं. पेन टेकवलं आणि थांबले. गार्डमावशी असं यादीत लिहिता येत नाही. शरमेने विचारलं, "नाव काय लिहू?"

त्या हसल्या. "बघा, व्यवस्था बघणारी बाई! सगुणा लिही."

मी पहिल्या ओळीवर एकचा आकडा घातला. त्यांनी काठी आपटावी तसं बोट माझ्या हातावर आपटलं. "पहिलं नको. खाली घाल. सगळ्यांच्या खाली."

"पण वरचं सगळं पान कोरं आहे, मावशी."

"भरंल की."

मी पानाच्या अगदी तळाला, शेवटच्या ओळीवर लिहिलं: सगुणा. त्यांनी वही जवळ घेतली, डोळ्यांशी धरली. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत होत्या. त्या दिवशी मी घरी येऊन 'मावशी, सांगणे' या ओळीवर रेघ मारली.

नाताळच्या आधी, आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. फादर आदल्या दिवशी येऊन शेवटचं पवित्र तेल लावून गेले होते. लताने सांगितलं, शेवटी त्यांनी विचारलं होतं, दार लावलं का? तिने लावलं म्हटल्यावर म्हणाल्या, "लावू नको. कुणी मागं असंल."

अंत्ययात्रेत पुढे क्रूस होता आणि त्याच्यामागे लगेच त्यांची पेटी. आम्ही सगळे त्यांच्या मागून चाललो होतो. जवळजवळ सारं मनमाड आलं होतं, रेल्वेची जुनी माणसं, आमची यात्रेची माणसं, आणि निफाडकडून मोटारसायकलवर आलेला तो द्राक्षबागेचा मालक. कुणाला काही न बोलता मी मागे मागे सरकत शेवटी गेले. मान खाली घालून चालले. दफनभूमीच्या वळणावर मला एक लहान चप्पल सापडली, सुटलेल्या पट्ट्याची. ती उचलून मी पिशवीत टाकली. परतताना एका मुलीच्या आईने ती ओळखून घेतली.

या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा निघालो. वरचं पान भरलं होतं. मावशींची काठी लताने माझ्याकडे दिली आणि मी पुढची व्यवस्था एस्तेरला सोपवली. तिला यादी करता येते, मी शिकवली आहे. लासलगावच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून एकाने विचारलं, "ती कोंब आलेली आजी कुठं हाय?" मी सांगितलं. त्याने टोपी काढली. निफाडच्या पुढे, त्या मोरीपाशी, बागेतल्या बायांनी आम्हाला थांबवून द्राक्षं दिली आणि मी कंबर धरून मटकन बसले, कारण आमच्यातल्या एका आजोबांचं पाऊल अडखळत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी फाटकाशी आलो. मी डाव्या खांबाजवळ उभी राहिले, हिरवा रुमाल वर धरून. पोचली. पोचला. पोचली. शेवटी आजोबा गेले, मग मी उंबऱ्याला हात लावून आत आले. मिस्साच्या आधी फादरांनी वही मागितली. बोट फिरवत ते पानाच्या तळाशी आले आणि थांबले. प्रत्येक नावासमोर खूण होती, एक सोडून.

माझ्या डोळ्यांसमोर मावशी कुठे असतील ते स्पष्ट होतं. त्या पोचल्या असतील, पण आत शिरल्या नसतील. तिथल्या फाटकाच्याही खांबाशी बाजूला उभ्या असतील, आमच्यातलं कुणी मागे राहिलंय का ते बघत.

"हे एक नाव राहिलंय," फादर म्हणाले.

"असू द्या, फादर," मी म्हटलं. "त्या सगळ्यांच्या मागून येतात."